तळाचं गरवणं आणि ट्रोलिंग: सामान कसं निवडायचं, काय आधी करायचं आणि लोक कुठे चुकतात

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे, गोव्याचे लोक मालवण-देवगड-वेंगुर्ल्याला रॉड घेऊन येतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, "रॉड कुठला घेऊ?" बहुतेकांनी तो आधीच घेतलेला असतो, बारा फुटी, किनाऱ्यावरून फेकायचा, आणि तोच रॉड होडीत तळाला गरवायला (गरीने मासे धरायला) आणि तोच ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या होडीमागे ल्युअर (नकली मासा) ओढायला. मग शिसं तळाला टिकत नाही, ल्युअर पाण्यावर उताणा पडून गरगर फिरतो, आणि सुरमई आलीच तर दोन सेकंदात लाईन कापून निघून जाते. मासा नव्हता असं नसतं, निर्णय उलट्या क्रमाने घेतलेले असतात.

खरा क्रम असा आहे: तळाला गरवायचं असेल तर आधी शिशाचं वजन ठरतं, ट्रोलिंग करायचं असेल तर आधी होडीचा वेग ठरतो, आणि बाकी सगळं सामान या दोन आकड्यांवरून ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात निम्मे पैसे वाचतात. खाली जे सांगतोय ते छोट्या फायबर होडीतून, किनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या आत, साधारण १० ते ३० मीटर पाण्यात गरवणाऱ्यांसाठी आहे.

टप्पा १: दिवस आणि पाणी आधी ठरवा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, तेव्हा हा विषयच नाही. त्यानंतरही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी गढूळ आणि लाटा मोठ्या असतात, छोट्या होडीने घाई करू नका. पाणी निवळायला लागतं ते ऑक्टोबरपासून.

मालवणला जाणार असाल तर हे आधी समजून घ्या: मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगडाच्या आसपासचं पाणी त्याच्या गाभा क्षेत्रात येतं, तिथे गरवायचं नाही. होडीवाल्याला आधीच विचारा की तो कुठे नेणार आहे.

आता भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाण्याला जोर जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे जोर कमी. नवीन माणसाने तळाला गरवायला भांगाचे दिवस निवडावेत, कारण शिसं कमी लागतं आणि लाईन सरळ खाली जाते. उधाणाला २५ मीटर पाण्यात २०० ग्रॅम शिसंसुद्धा उचलून नेतं, आणि मुंबई-अलिबागकडे तर पाण्याची चढउतार कोकणाच्या दक्षिण टोकापेक्षा बरीच जास्त, त्यामुळे तिथे हे अजून जाणवतं.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, साधारण तीनला भरती पूर्ण, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी पूर्ण. दशमीला साडेसात. गावागणिक अर्धा-एक तास इकडेतिकडे होतं, म्हणून छापील तक्त्याशी किंवा ॲपशी एकदा जुळवून बघा, पण घरबसल्या दिवस निवडायला हा हिशोब पुरतो. तळासाठी सगळ्यात चांगला वेळ म्हणजे पाणी थांबल्यावर पुन्हा हलायला लागतं तो पहिला तास-दीड तास.

तपासा: वारा. सकाळी जमिनीवरून मतलई असते, समुद्र शांत असतो, दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि फेब्रुवारीपासून पुढे तो चांगलाच जोरात असतो. पहाटे निघा, दुपारच्या आत परत या. लाईफ जॅकेट अंगावर, पिशवीत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर फोनमध्ये सेव्ह करा, आणि कुठे जाताय, कधी येताय हे किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा.

टप्पा २: तळाचं सामान, शिशापासून सुरुवात

माझे काका आयुष्यभर हातदोरीने गरवले, ते एकच सांगायचे, "शिसा तळाक टेकला की हाताक कळाक व्हया." सगळं सामान या एका वाक्यासाठी निवडायचं असतं. शिसं टेकलेलं कळत नसेल तर मासा लागलेला पण कळणार नाही.

१५ मीटर पाणी आणि पाण्याला कमी ओढ (प्रवाहाचा जोर) असेल तर १०० ग्रॅमने सुरुवात करा, २५-३० मीटरला किंवा ओढ असेल तर १५० ते २५०. म्हणजे पिशवीत १००, १५० आणि २०० ची प्रत्येकी पाच-सहा शिशी हवीत, एकाच वजनाची वीस नकोत.

मग लाईन. इथे लोक हमखास चुकतात, "मोठा मासा लागला तर" म्हणून जाड लाईन भरतात. जाड लाईनला पाण्याची ओढ जास्त बसते, लाईनला मोठा बाक येतो, मग शिसं वाढवावं लागतं, मग रॉड जड घ्यावा लागतो आणि दोन तासांत खांदा जातो. ३० ते ४० पौंडाचा ताण सोसणारी ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) लाईन, २००-३०० मीटर, आपल्याकडच्या तांबोशी-गोबऱ्याला पुरते. ब्रेडेडच घ्या, साधी मोनो (एकेरी नायलॉनची) तळासाठी नको, ती ताणते आणि २५ मीटर खालची टोचणी (मासा आमिषाला तोंड लावतो तो झटका) हातापर्यंत येईतोवर विरून जाते. पण शेवटचे दीड-दोन मीटर मात्र ६० ते ८० पौंडाचा मोनो लीडर (गरीकडचा जाड दोरा) हवाच, कारण ब्रेडेड लाईन खडपाला (पाण्याखालच्या खडकाला) नुसती घासली तरी तुटते.

मग रील, ५००० किंवा ६००० साईझचं स्पिनिंग रील चालतं. आणि सगळ्यात शेवटी रॉड, सहा ते सात फूट, ज्याच्यावर लिहिलेल्या वजनाच्या पट्ट्यात तुमचं शिसं बसतं. रॉडवर ४०-८० ग्रॅम लिहिलंय आणि तुम्ही २०० चं शिसं लावलं तर टोक आधीच वाकलेलं राहतं, मग मासा ओढला तरी दिसत नाही. बारा फुटी रॉड होडीत घेऊ नका, खाली लागलेला मासा सरळ वर उचलायचा असतो आणि लांब रॉडने त्यात माशाचाच फायदा होतो.

टप्पा ३: गरी आणि रिग घरी बांधा

होडी हलत असताना, हात ओले असताना बांधलेली गाठ ही सुटणारी गाठ. म्हणून रिग, म्हणजे लीडर, गऱ्या आणि शिशाची जोडणी, घरीच बांधून, एकेक वेगळ्या पिशवीत किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर गुंडाळून न्या. दहा तरी न्या, खडपात अर्ध्या जातात.

दोन गऱ्यांची साधी रिग अशी: लीडरच्या वरच्या टोकाला स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी). खालच्या टोकाला शिसं. शिशाच्या वर हात-दीड हातावर पहिली गरी, तिच्या वर तेवढ्याच अंतरावर दुसरी. गरीचा आडवा फाटा वीतभरच ठेवा, जास्त लांब ठेवला की मुख्य दोऱ्याभोवती गुंडाळला जातो. दोनच गऱ्या, तीन नाहीत. तिसरी गरी मासे वाढवत नाही, गुंता वाढवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे जवळजवळ कोणी करत नाही. शिसं थेट लीडरला बांधू नका, मधे १५-२० पौंडाच्या पातळ मोनोचा वीतभर तुकडा टाका. खडपात अडकतं ते बहुतेक वेळा शिसं असतं, आणि ओढल्यावर हा पातळ तुकडा तुटतो, फक्त शिसं जातं, गऱ्या आणि कधीकधी त्यावरचा मासासुद्धा परत येतो.

राणी मासा, करकरा असल्या माशांना १/० किंवा २/० गरी, तांबोशी-गोबरा पाहिजे असेल तर ५/० ते ७/०, आणि शक्यतो सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी). हा हुक माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, त्यामुळे लहान मासा जिवंत सोडता येतो. फक्त वापरायची पद्धत वेगळी, ती पुढे सांगतो.

बिचकणारी मोठी तांबोशी असेल तिथे दुसरी रिग: मधे भोक असलेलं शिसं लाईनवर मोकळं सरकतं ठेवायचं, त्याखाली मणी, मग स्विव्हल, मग मीटर-दीड मीटर लीडर आणि एकच गरी. मासा आमिष घेऊन हलला तरी त्याला शिशाचं वजन जाणवत नाही.

तपासा: प्रत्येक गाठ आवळायच्या आधी थुंकी किंवा पाणी लावून ओली करा, आणि आवळल्यावर हातरुमाल गुंडाळून पूर्ण जोर लावून ओढा. सुटायची असेल तर घरी सुटू दे.

टप्पा ४: आमिष

लोक हजारोंचा रॉड घेतात आणि आमिष म्हणून कालची मऊ पडलेली कोळंबी. माझ्या मते तळाच्या गरवण्यात निम्मं काम आमिषाचं आहे.

माकूल (स्क्विड) सगळ्यात टिकाऊ, छोटे मासे टोचत राहिले तरी गरीवरून सुटत नाही. बांगडा वासाला सगळ्यात चांगला पण मऊ. पेडवे, म्हणजे तारली, अख्खे लावता येतात. जिवंत कोळंबी मिळाली तर तिच्यासारखं काही नाही, पण ती शेपटीच्या बाजूने हलकी टोचायची, डोक्यात गरी घुसवली की मेली.

बांगड्याची पट्टी कशी काढायची ते नीट सांगतो कारण इथेच गडबड होते. बांगडा बर्फात गार आणि कडक असतानाच कापा. कल्ल्यामागे सुरी घालून काट्याला लागून शेपटीपर्यंत एक बाजू सोडवा. आता ही बाजू कातडी खाली करून ठेवा आणि वरचं जाड मांस तासून टाका, कातडीवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर मांस राहू द्या. मग पोटाकडच्या चंदेरी भागातून बोटभर लांब, एका टोकाला निमुळती अशी पट्टी कापा. गरी फक्त रुंद टोकाजवळ एकदाच आरपार घाला आणि टोक पूर्ण उघडं ठेवा. पट्टी जिभेसारखी लोंबली पाहिजे, ओढीत हलली पाहिजे. लोक काय करतात, पट्टी दोन-तीनदा टोचून गोळा करतात, तो गोळा पाण्यात भिंगरीसारखा फिरतो, लीडरला पीळ पडतो, आणि गरीचं टोक मांसात बुडालेलं असल्यामुळे ती माशाला लागतच नाही.

सावध: आमिष बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. गोड्या पाण्यात ते पांढरं, फुळकवणी होतं. डबा बर्फावर ठेवायचा, आमिष डब्यात कोरडं, वरून थोडं जाडं मीठ.

टप्पा ५: नांगर, सोडणं, उचलणं

तांडेल (होडी चालवणारा) तुम्हाला खडपावर नेईल, पण नांगर खडपाच्या बरोब्बर वर टाकायचा नसतो. पाणी ज्या बाजूने येतंय त्या बाजूला थोडं पुढे जाऊन टाकायचा म्हणजे होडी मागे येऊन खडपाच्या कडेवर थांबते. दोरी खोलीच्या निदान तिप्पट सोडा. आणि नांगर नेहमी नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून), मागून कधीच नाही, मागून बांधलेल्या होडीत लाट सरळ आत येते.

रील उघडून शिसं सोडताना अंगठा किंवा बोट लाईनवर हलकं ठेवा. मोकळं सोडलं तर गऱ्या वर राहतात, शिसं खाली जातं आणि तळाला पोचेपर्यंत सगळा गुंता झालेला असतो. टेकलं की लगेच रील बंद करा आणि दोन फेरे वर घ्या. शिसं तळावर पडून ठेवलं की ते फटीत जाणारच. दर मिनिटाला एकदा हळूच सोडून बघा, टेकतंय का. टेकत नसेल आणि लाईन तिरकी दूर गेली असेल तर अजून लाईन सोडत बसू नका, वर घ्या आणि पुढचं वजन लावा.

टोचणी आली, आता काय? सर्कल हुक असेल तर झटका मारायचा नाही. अजिबात नाही. सवय मोडायला वेळ लागतो, पण झटका मारला की हुक तोंडातून निसटतो. रॉड तसाच धरा, टोक वाकून खाली गेलं आणि वजन आलं की शांतपणे, सलग रील फिरवा, हुक आपोआप कोपऱ्यात बसतो.

गोबरा असेल, म्हणजे हेकरू, तर पहिले पाच सेकंद सगळं ठरवतात. तो लागला रे लागला की सरळ बिळाकडे पळतो. तिथे ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन किती जोराला सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) ढिला ठेवून "खेळवायचा" नाही, दोन मीटर वर उचलून घ्यायचाच. तरी शिरलाच बिळात, तर ओढाताण करू नका, तो कल्ले पसरून घट्ट बसतो. लाईन पूर्ण ढिली सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा. बऱ्याच वेळा तो स्वतःच बाहेर निघतो आणि लाईन हलताना दिसते, तेव्हा एकदम उचला.

तपासा: प्रत्येक माशानंतर, आणि प्रत्येक वेळा खडपाला अडकून सुटल्यावर, लीडरचे शेवटचे दोन हात बोटांतून सरकवा. खरखर लागली की कापून टाका.

सावध: शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी आहेत. हाताने गरी काढायला जाऊ नका, पक्कड वापरा किंवा लाईन कापा. लागलाच तर जखम सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, कातडी भाजेल इतकं गरम नाही, वेदना त्याने उतरतात, आणि मग डॉक्टरकडे जायचंच. केंड (फुगणारा पफर मासा) आला तर तो खायचा नाही, कुणाला द्यायचा पण नाही, त्याचं विष शिजवून जात नाही. कासव लागलं तर जवळ घेऊन लाईन शक्य तितकी तोंडाजवळ कापून सोडा.

टप्पा ६: ट्रोलिंगचं सामान, वेगापासून सुरुवात

ट्रोलिंग म्हणजे होडी चालती ठेवून मागे ल्युअर ओढणं, आपल्याकडे मुख्यतः सुरमईसाठी, कधी कुपा, कधी टोळ. इथे पहिला आकडा वेग. पुढे प्लॅस्टिकची जीभ असलेले, म्हणजे लिपवाले ल्युअर साधारण ४ ते ६ नॉट्सला नीट पोहतात, म्हणजे ताशी साडेसात ते अकरा किलोमीटर. अख्खा पेडवा किंवा टोळ आमिष म्हणून ओढायचा असेल तर २ ते ३ नॉट्स, त्याच्या वर गेलात की मासा फाटतो आणि फिरायला लागतो. म्हणजे हे दोन्ही एकाच वेळी मागे सोडता येत नाहीत. मी कितीतरी होड्यांत बघितलंय, एका बाजूला ल्युअर, दुसऱ्या बाजूला पेडवा, आणि दोन्हीपैकी एक दिवसभर नुसता लटकतोय.

ल्युअर १२ ते १६ सेंटिमीटरचे, ३ ते ६ मीटर खोल जाणारे घ्या. पाच-सहा पुरतात: दोन निळे-चंदेरी, एक लाल डोक्याचा पांढरा, एक गडद, एक-दोन बांगड्याच्या रंगाचे. स्वच्छ पाण्यात चंदेरी, पहाटे किंवा जरा गढुळात गडद, एवढं पुरे. रंगावर लोक फार वेळ घालवतात, वेग आणि खोली चुकलेली असेल तर रंगाने काही होत नाही.

एक लक्षात ठेवा, पाकिटावर लिहिलेली खोली एका ठरावीक जाडीच्या लाईनला असते. तुमची लाईन जाड असेल तर ल्युअर तेवढा खाली जाणार नाही. इथे पण ४० पौंडाची ब्रेडेड पुरते, पण रीलवर निदान ३०० मीटर हवी कारण सुरमईची पहिली धाव लांब असते. रॉड साडेपाच ते साडेसहा फूट, मजबूत, आणि रॉड होल्डरला मागून दोरीने बांधलेला. न बांधलेला रॉड एका धक्क्यात समुद्रात जातो.

टप्पा ७: वायर, स्विव्हल, ड्रॅग

सुरमईचे दात ब्लेडसारखे. मोनो कितीही जाड लावला तरी कापते. ४० ते ६० पौंडाची वायर, वीत-दीड वीत, ल्युअरच्या पुढे हवी. जास्त लांब नको, ल्युअरची चाल मरते.

एकेरी वायर असेल तर तिला गाठ बसत नाही, पीळ द्यावा लागतो. ल्युअरच्या कडीतून वायर घाला आणि दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे फिरवत पाच-सहा पीळ द्या. दोन्ही पदर फिरले पाहिजेत, एक सरळ राहून दुसराच त्याच्याभोवती गुंडाळला तर जोर आल्यावर सरकतो. मग सुट्या टोकाचे काटकोनात पाच-सहा घट्ट वेढे मारा. शेवटचं टोक कटरने कापायचं नाही, त्याला छोटा काटकोन देऊन हँडलसारखं पुढेमागे फिरवायचं, ते मुळातून मोडतं. कटरने कापलं की सुईसारखं टोक राहतं आणि तेच टोक मासा घेताना तळहात फाडतं. वायरला एकदा मुरड पडली की ती सरळ करू नका, फेकून द्या, ती तिथेच तुटणार. फेकून म्हणजे डब्यात, समुद्रात नाही.

स्विव्हल छोटं आणि काळं. मोठं चकचकीत पितळी स्विव्हल लावलं की दुसरी सुरमई त्या चमकेवर तोंड मारते आणि तुम्ही वायरच्या वरच कापले जाता. मी दोन मोसम असेच ल्युअर घालवले आणि वायरला दोष देत राहिलो, नंतर एकदा परत आलेली लाईन नीट बघितली तर ती स्विव्हलच्या बरोब्बर वर सुरीने कापल्यासारखी गेलेली.

आता ड्रॅग. "हाताने ओढून अंदाज घेतो" हे सोडून द्या. मासे तोलायचा साधा स्प्रिंगचा काटा घ्या, लाईन रॉडच्या कड्यांतून घेऊन त्याला बांधा, दुसऱ्याला रॉड मासा लागल्यासारखा धरायला सांगा आणि हळू ओढा. लाईन सुटायला लागते तेव्हा काट्यावर काय दिसतं तो तुमचा ड्रॅग. ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो, त्याचा पाव म्हणजे साडेचार. ट्रोलिंगला त्याच्याही खाली, तीन-साडेतीन किलोवर ठेवा, कारण ब्रेडेड लाईन ताणत नाही आणि माशाच्या धक्क्यात होडीचा वेग मिसळतो, जास्त आवळलं तर हुक फाटून निघतो. तळाला मात्र पाच-सहा किलो, गोबऱ्यासाठी. एकच रील दोन्हीकडे वापरत असाल तर ही सेटिंग बदलायला विसरू नका.

टप्पा ८: ल्युअर मागे सोडायचा क्रम

१. होडी आधी ठरलेल्या वेगावर आणा, मग सोडा. थांबलेल्या होडीतून सोडलेले ल्युअर एकमेकांत जातात.

२. प्रत्येक ल्युअर आधी होडीच्या कडेला, डोळ्यासमोर पोहून बघा. सरळ, थरथरत गेला पाहिजे. डावीकडे कलत असेल तर पुढची कडी पकडीने अगदी थोडी उजवीकडे वाकवा, उजवीकडे कलत असेल तर डावीकडे. कलणारा ल्युअर बाकी लाईनी घेऊन फिरतो.

३. लांबचा आधी, जवळचा नंतर. छोट्या होडीत दोनच लाईनी, एक साधारण ४० मीटर मागे, एक २५ मीटर. चार लाईनी टाकायला चार अनुभवी हात लागतात.

४. लाईनवर मार्करने खूण करा, म्हणजे मासा लागला त्याच अंतरावर पुन्हा सोडता येतो.

वेगाबद्दल अजून एक गोष्ट, कारण मोबाईल हातात असल्यामुळे ही चूक वाढलीय. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, पाण्यातला नाही. ओढीच्या विरुद्ध जाताना ४ दिसत असेल तर ल्युअरला पाणी ५ ने लागत असू शकतं, आणि ओढीबरोबर परत येताना तेच ४ म्हणजे त्याला ३. म्हणून आकड्यापेक्षा रॉडच्या टोकाकडे बघा. ल्युअर नीट पोहत असेल तर टोक सारखं थरथरतं. थरथर थांबली म्हणजे वेग चुकलाय किंवा हुकला शेवाळ, प्लॅस्टिक अडकलंय. दर पंधरा-वीस मिनिटांनी लाईन वर घेऊन बघाच.

कुठे फिरवायचं? खडपाच्या कडेकडेने, आणि जिथे गढूळ पाणी निवळ पाण्याला भेटतं त्या रेषेवरून. पाखरं पडत असतील तर थव्याच्या मधून होडी घालू नका, खालचं सगळं बुडी मारतं, कडेने वळसा घ्या. सरळ रेषेत तासभर जाऊ नका, मोठे सावकाश वळसे घेत जा. वळताना आतला ल्युअर हळू होतो, बाहेरचा वेग घेतो, आणि कुठल्यावर धक्का बसला त्यावरून आज वेग वाढवायचा की कमी करायचा ते कळतं. वळण छोटं घेतलं की लाईनी एकमेकींवर येतात.

टप्पा ९: धक्का बसल्यावर

लगेच इंजिन बंद करू नका. पाच-सात सेकंद होडी तशीच चालू द्या, कधी लगेच दुसऱ्या लाईनला पण लागते. मग वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. दुसरी लाईन ताबडतोब आत. पहिली धाव चालू असताना ड्रॅग आवळायचा नाही, हात रीलवरून लांब ठेवा, ती थांबली की रील सुरू. लाईन ढिली पडू देऊ नका, ती तुमच्याकडे पळत आली तर जोरात फिरवा.

जवळ आल्यावर सुरमई होडी बघून पुन्हा एकदा पळते, तिथे बरेच मासे जातात. मासा शेवटच्या टप्प्यात आला की इंजिन न्यूट्रलला आणा, लाईन पंख्यात जाऊ द्यायची नाही. गॅफ, म्हणजे लांब दांड्याची आकडी, डोक्यामागे एकाच वेळी, ठाम. पाण्यात हवेत फटके मारत बसलात की लाईन कापली जाते.

सावध: होडीत आलेली सुरमई आणि तिच्या तोंडात तीन टोकांचे दोन हुक, हा सगळ्यात धोक्याचा क्षण आहे. माझ्या मावसभावाने हाताने ल्युअर धरला, माशाने उसळी मारली, एक हुक माशात आणि दुसरा त्याच्या तळहातात, आणि मासा उड्या मारतोय. आम्ही आधी मासा दाबून धरला, मग हुक कटरने कापला आणि दीड तासाने किनाऱ्याला लागलो. तेव्हापासून पक्कड आणि हुक कापणारा जाड कटर दोन्ही माझ्या हाताशी दोरीला बांधलेले असतात. मासा आधी ओल्या गोणपाटाखाली दाबा, मग पकडीने हुक काढा.

टप्पा १०: बर्फ आणि परत आल्यावर

सुरमई, कुपा, बांगडा हे मासे उन्हात तासभर पडले तर नुसती चव जात नाही, त्यात तयार होणाऱ्या हिस्टामिनने अंगावर गांधी येतात, डोकं दुखतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. मासा घेतला की कल्ल्याजवळ कापून रक्त वाहू द्या आणि लगेच बर्फात. नुसत्या बर्फापेक्षा बर्फात थोडं समुद्राचं पाणी घातलेला लगदा लवकर गार करतो. जेवढे किलो मासे अपेक्षित, तेवढा तरी बर्फ न्या.

लहान मासे सोडा. महाराष्ट्रात २०२३ पासून ५४ जातींसाठी किमान आकार ठरवलेला आहे, त्याहून लहान धरायचा नाही. हे फक्त कायद्यापुरतं नाही. बऱ्याच जातींचे गोबरे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात, म्हणजे एका खडपावरचे सगळे मोठे काढून नेले तर तिथे नरच उरत नाहीत. एका खडपावर दोन-तीन चांगले मिळाले की मी नांगर उचलतो.

घरी आल्यावर रीलचा ड्रॅग आवळून वरून हलक्या गोड्या पाण्याने धुवा, जोराच्या पाइपने नाही, त्याने खारं पाणी आत घुसतं. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा, आवळलेला ठेवला की आतल्या चकत्या दबतात आणि पुढच्या वेळी लाईन झटके देत सुटते. ल्युअर धुवा, गंजलेले हुक त्याच दिवशी बदला, आणि ब्रेडेड लाईनचे पहिले पाच मीटर कापून टाका.